१ ऑगस्टचा दिनविशेष: फलकावर काय लिहायचे आणि तारीख कशी तपासायची

प्रश्न असा आहे: 'वाचनालयाच्या फलकावर रोज दिनविशेष लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. १ ऑगस्टची माहिती गोळा केली तर नोंदींचा ढीग जमला. काही घटनांना एका ठिकाणी एक तारीख, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. काय घ्यायचे, काय गाळायचे आणि खरे कसे ठरवायचे? आणि लिहिलेले चुकीचे निघाले तर?'

तुम्ही निवडलेली तारीख फार चांगली आहे. दिनविशेषाच्या कामात ज्या ज्या अडचणी येतात त्या जवळजवळ सगळ्या १ ऑगस्टला भेटतात. मी बरीच वर्षे दिनविशेषाचे सदर सांभाळले आहे आणि नव्या माणसाला काम समजावून सांगायचे असले की हीच तारीख पुढे ठेवतो.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. तारीख तपासण्याच्या आधी घटना तपासा. त्या दिवशी नेमके काय झाले? कायदा मंजूर झाला, त्यावर सही झाली, तो जाहीर झाला, की लागू झाला? हे ठरल्याशिवाय तारीख बरोबर की चूक हे ठरूच शकत नाही. दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या की त्यातली एक खोटी, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा दोन्ही खऱ्या असतात, फक्त त्या दोन वेगळ्या गोष्टींच्या असतात.

उदाहरण घ्या. '१ ऑगस्ट १८३४: ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद' ही नोंद तुमच्या ढिगात असणारच. दुसरीकडे याच कायद्याची तारीख २८ ऑगस्ट १८३३ दिसेल. त्या दिवशी कायद्याला राजाची संमती मिळाली आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो लागू झाला. पण काम इथे संपत नाही. सहा वर्षांवरच्या बहुतेक गुलामांना त्या दिवशी मोकळे केलेच नाही, त्यांना 'उमेदवार' (म्हणजे शिकाऊ कामगार) असे नाव देऊन जुन्याच मालकांकडे राबवले. ही पद्धत १ ऑगस्ट १८३८ ला उठली. नुकसानभरपाईचे २ कोटी पौंड मिळाले ते मालकांना. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळला होता, म्हणजे आपल्याकडे तो लागूच नव्हता. हिंदुस्थानसाठी १८४३ चा वेगळा कायदा करावा लागला. एवढे कळल्यावर 'गुलामगिरी बंद' हे दोन शब्द लिहायला हात धजत नाही. 'ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी रद्द करणारा कायदा लागू झाला. कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान वगळलेला होता' असे लिहिले तर एक ओळ वाढते, पण वाचणाऱ्याच्या हाती खरी गोष्ट पडते.

पहिल्या महायुद्धाचेही असेच. २८ जुलै १९१४ ला ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले, १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध आणि ४ ऑगस्टला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध. कोणत्या देशाच्या पुस्तकातून नोंद उचलली त्यावर 'महायुद्ध सुरू' ही ओळ यांपैकी कुठल्याही दिवशी सापडते. तुम्ही 'जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले' एवढेच लिहा. कुणी कुणाविरुद्ध हे लिहिले की वाद उरत नाही.

शोधांच्या बाबतीत तर मी फारच जपून असतो. '१ ऑगस्ट १७७४: जोसेफ प्रिस्टलीने ऑक्सिजनचा शोध लावला' हे वाक्य सर्वत्र आहे. त्या दिवशी झाले ते असे: प्रिस्टलीने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याची तांबडी राख तापवली आणि तिच्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळताना पाहिली. आपल्या हाती नवा वायू लागला आहे हे त्याला उमगले पुढच्या वर्षी. स्वीडनमध्ये शेलेने हाच वायू त्याच्याही आधी मिळवला होता, पण त्याचे लेखन १७७७ मध्ये छापून आले. ऑक्सिजन हे नाव आणि ज्वलनातले त्याचे खरे काम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेने सांगितले. मग 'शोध' कोणत्या दिवशी लागला म्हणायचे? प्रयोगाला तारीख असते, शोधाला बहुधा नसते. 'या दिवशी प्रिस्टलीने केलेल्या प्रयोगात ऑक्सिजन वेगळा झाला' हे वाक्य पूर्ण खरे आहे आणि शाळकरी मुलांना ते जास्त आवडते, कारण त्यात भिंग आहे, ऊन आहे, मेणबत्ती आहे.

आता आपल्या घरच्या नोंदींकडे येतो. १ ऑगस्ट १९२० ही एकच तारीख तीन कारणांनी येते: लोकमान्य टिळकांचे निधन, असहकार चळवळीची सुरुवात आणि अण्णा भाऊ साठे यांचा जन्म.

टिळक मुंबईत सरदारगृहात होते. मध्यरात्र उलटून साधारण पाऊण तास झाल्यावर त्यांची प्राणज्योत मालवली. अशा वेळेचे मृत्यू दिनविशेषवाल्याची खरी परीक्षा घेतात. कुणी आठवणींत '३१ जुलैच्या रात्री' लिहितो, कुणी '१ ऑगस्टच्या पहाटे', आणि दोघेही एकाच क्षणाबद्दल बोलत असतात. टिळकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळी मुंबईत दोन वेळा चालत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून आली होती, पण महापालिकेसकट बरेच लोक मुंबईची स्थानिक वेळ पाळत आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. ही दुहेरी वेळ १९५५ पर्यंत चालली. म्हणून त्या काळातल्या मुंबईतली मध्यरात्रीच्या आसपासची कोणतीही घटना घेताना मी आधी पाहतो की ३९ मिनिटांनी तारीख बदलते का. टिळकांच्या बाबतीत ती बदलत नाही. तो पाऊण तास प्रमाणवेळेचा धरला तरी मुंबईच्या घड्याळात बारा वाजून गेलेले होते. १ ऑगस्ट पक्की.

पंचांग मात्र वेगळे सांगते. १ ऑगस्ट १९२० ला रविवार होता, पण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे जुन्या वळणाच्या माणसाने ती शनिवारची रात्र म्हटली तर त्याचे चुकले असे नाही. हा फरक किरकोळ वाटेल, पण शिवकाळात शिरलात की तो पदोपदी लागतो. शिवराज्याभिषेकाची इंग्रजी तारीख ६ जून १६७४, वार शनिवार. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तिथीवार घटनांच्या जुन्या यादीत, मात्र महाराज ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवारी, तीन घटका रात्र उरली असता सिंहासनावर बसले असे आहे. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटे. सूर्य उगवायचा होता म्हणून पंचांगाने शुक्रवार, मध्यरात्र उलटून गेली होती म्हणून इंग्रजी हिशेबाने शनिवार. शकावलीही बरोबर, ६ जूनही बरोबर.

वार हे आमच्या कामातले सगळ्यांत भरवशाचे हत्यार आहे. लिहिणाऱ्याची तारीख चुकते, आकडा पुसतो, पण तिथीबरोबर वारही दिलेला असेल तर गणिताने पडताळा घेता येतो. शिवजन्माच्या वादात हेच घडले. पूर्वी वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७ ही तारीख चालत असे. जेधे शकावलीने फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद दिली. या तिथीची तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते आणि त्या दिवशी खरोखर शुक्रवारच पडतो. ही शकावली अभ्यासकांपुढे आणली ती टिळकांनीच. कालगणना हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता, पंचांगशुद्धीसाठीही ते झटले. १ ऑगस्टच्या फलकावर टिळकांबद्दल चार ओळी लिहिणार असाल तर त्यातली एक या कामाला द्या, अशी माझी मनापासून विनंती आहे. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क' सगळ्यांना पाठ आहे, हे फारसे कुणाला माहीत नसते.

शक आणि सन यांचा मेळ घालताना शकात ७८ मिळवतात, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी इंग्रजी नव्या वर्षात गेली असेल तर ७९. फाल्गुन शके १५५१ चे १६३० होते ते त्यामुळे. ही एक गफलत मी छापील पुस्तकांतही पाहिली आहे. तसेच उत्तरेकडचा ग्रंथ समोर असेल तर वद्य पक्षाचा महिना एकाने पुढचा दिसेल. आपला फाल्गुन वद्य त्यांचा चैत्र कृष्ण असतो.

असहकाराकडे वळू. गांधीजींनी चळवळ सुरू करण्यासाठी १ ऑगस्ट हा दिवस आधीच जाहीर केला होता. त्याच दिवशी त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून कैसर-ए-हिंद पदक परत केले. काँग्रेसने असहकाराला मान्यता दिली ती सप्टेंबर १९२० मधल्या कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात, आणि डिसेंबरमधल्या नागपूर अधिवेशनात तो ठराव पक्का झाला. म्हणून '१ ऑगस्टला काँग्रेसने असहकार पुकारला' असे लिहू नका. आणि टिळक गेले म्हणून त्या दिवशी चळवळ सुरू झाली असेही सुचवू नका. दिवस आधी ठरलेला होता, मृत्यू त्या दिवशी आला. एका तारखेखाली दोन नोंदी लागोपाठ आल्या की वाचणारा त्यांच्यात कार्यकारण जोडतो, ही या प्रकारच्या लेखनाची मोठी जोखीम आहे आणि ती फलक लिहिणाऱ्याने स्वतःच सांभाळायची असते.

याच कारणाने टिळक आणि अण्णा भाऊ यांना एका वाक्यात गुंफण्याचा मोह टाळा. 'एक सूर्य मावळला, दुसरा उगवला' अशी वाक्ये दर वर्षी छापून येतात. त्यातून दोघांपैकी एकाबद्दलही काही कळत नाही. अण्णा भाऊंना त्यांची स्वतःची जागा द्या. तुकाराम भाऊराव साठे हे मूळ नाव. जन्म वाटेगावचा. शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईत मजुरी, मग अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये, कथा, कादंबऱ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव गाजलेली शाहिरी. १८ जुलै १९६९ ला निधन. पुष्कळ फलकांवर टिळकांना पाच ओळी आणि अण्णा भाऊंना अर्धी, असे मी पाहत आलो आहे. माझ्या मते हे अन्यायाचे आहे आणि वाचकाच्या दृष्टीनेही नुकसानीचे. जाता जाता एक बारकावा: वाटेगाव 'आजच्या सांगली जिल्ह्यात' असे लिहा. १९२० मध्ये सांगली जिल्हा नव्हताच. तो दक्षिण सातारा म्हणून १९४९ मध्ये झाला आणि सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले. तारखेइतकाच जागेचाही काळ पाहावा लागतो.

जन्मतारखांबद्दल सर्वसाधारण सांगायचे तर मृत्यूची तारीख जास्त खात्रीची असते. मृत्यू होतो तेव्हा माणूस नावारूपाला आलेला असतो, वृत्तपत्रे असतात, अंत्ययात्रा असते. जन्माच्या वेळी यातले काही नसते. आपल्याकडच्या जुन्या पिढ्यांत तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही तारीख टाकलेली असे. एखाद्याची जन्मतारीख १ जून दिसली की मी दुसरा आधार शोधल्याशिवाय पुढे जात नाही. आणखी एक सापळा म्हणजे कामाची तारीख जन्माला चिकटणे. 'दर्पण' या वृत्तपत्राचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांचा जन्मदिवस म्हणूनही काही ठिकाणी ६ जानेवारीच छापतात, तर काही ठिकाणी २० फेब्रुवारी १८१२. अशा वेळी फलकावर 'दर्पण'ची नोंद निःशंक लिहावी आणि जन्माची ओढूनताणून घालू नये. १ ऑगस्टच्या बाकी जन्मांत पुरुषोत्तमदास टंडन (१८८२), फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क (१७४४) आणि अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिल (१८१९) यांच्या तारखांना काही अडचण नाही.

परदेशी जुन्या घटनांना कॅलेंडरचा प्रश्न असतो. ऑक्टोबर १५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याच्या आज्ञेने ४ तारखेनंतर थेट १५ तारीख आली. इटली, स्पेन, पोर्तुगाल यांनी ते लगेच मानले, ब्रिटनने १७५२ मध्ये, रशियाने १९१८ मध्ये. न्यूटन २५ डिसेंबर १६४२ ला जन्मला की ४ जानेवारी १६४३ ला, याचे उत्तर कॅलेंडर कोणते यावर आहे. शिवकाळात इंग्रजांची पत्रे जुन्या कॅलेंडरची आणि गोव्याच्या पोर्तुगीजांची नव्या, त्यामुळे एकाच दिवसाला दोघांच्या दप्तरांत दहा दिवसांचे अंतर पडते. आपल्या १ ऑगस्टमध्ये या जातीची नोंद आहे ती १४९८ ची, कोलंबसला दक्षिण अमेरिकेची मुख्य भूमी पहिल्यांदा दिसली ती. (त्याने ते बेट समजून नावही दिले.) १५८२ च्या आधीच्या तारखा जुन्या कॅलेंडरच्याच ठेवायच्या असा रिवाज आहे, तेव्हा ती तशीच लिहा.

दूर देशांतल्या घटनांत वेळेचा फरकही धरावा लागतो. चंद्रावर पाऊल पडले तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती आणि भारतात २१ जुलैच्या सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे. घटना जिथली तिथली तारीख, हा नियम साधा आहे. चंद्राला स्वतःची तारीख नसल्यामुळे तिथे मी दोन्ही लिहितो.

काही तारखा घडलेल्या नसतात, ठरवलेल्या असतात. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन १ ऑगस्ट. पण तीन परगण्यांच्या ज्या करारावर तो आधारलेला आहे त्यात फक्त 'ऑगस्ट १२९१ च्या आरंभी' असे आहे. सहाशे वर्षांनी, १८९१ मध्ये, उत्सवासाठी पहिली तारीख धरली गेली. आपला महसूल दिनही १ ऑगस्टचा, आणि तो कुठल्या घटनेवरून आलेला नाही. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते, म्हणून तो दिवस. तसा खुलासा एका ओळीत केला की पुरे.

जागतिक दिनांच्या बाबतीत कडक राहा. १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह असतो आणि त्याला मूळ आहे: १ ऑगस्ट १९९० ला फ्लॉरेन्समध्ये मान्य झालेला, स्तनपानाबद्दलचा इनोचेंटी जाहीरनामा. उलट १ ऑगस्ट हा 'वर्ल्ड वाइड वेब दिन' म्हणून फिरतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा मूळ प्रस्ताव मार्च १९८९ चा, वेबची जाहीर घोषणा ६ ऑगस्ट १९९१ ची आणि ती सर्वांना मुक्त झाली ३० एप्रिल १९९३ ला. यांतले एकही १ ऑगस्टला नाही. मी ही नोंद घेत नाही. मैत्री दिन ऑगस्टच्या पहिल्या रविवारी असतो, तो तारखेला बांधूच नका.

पडताळणी करताना एक पक्के ध्यानात ठेवा: पन्नास ठिकाणी एकच तारीख असणे हा पुरावा नाही. बहुधा पन्नासांनी एकाचीच नक्कल केलेली असते. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले दोन आधार पाहा, म्हणजे त्या काळचे वृत्तपत्र आणि नंतरचे चरित्र, किंवा सरकारी राजपत्र आणि विश्वकोश. वृत्तपत्र वाचताना 'काल' आणि 'आज' नीट पाहा. २ तारखेच्या अंकातल्या 'काल' वरून नोंद घेताना अंकाचीच तारीख घटनेला लावली जाते. जुन्या छपाईत १ आणि ९ सारखे दिसतात. आणि अमेरिकन पद्धतीने लिहिलेला 'आठ, एक' हा १ ऑगस्ट असतो, तो आपल्याकडे येताना ८ जानेवारी होतो. जानेवारीच्या यादीत अनोळखी पाहुणा दिसला की मी आधी ऑगस्टमध्ये डोकावतो.

निवडीचे काय? फलकासमोर माणूस फार वेळ थांबत नाही. सहा नोंदी पुरेत. माझी १ ऑगस्टची निवड अशी राहील: टिळकांचे निधन, अण्णा भाऊंचा जन्म, असहकाराची सुरुवात, वसाहतींतला गुलामगिरीविरोधी कायदा लागू होणे, प्रिस्टलीचा प्रयोग आणि पोलंडच्या राजधानीतला, वॉर्साचा उठाव. १ ऑगस्ट १९४४ ला सायंकाळी ५ वाजता वॉर्साच्या लोकांनी जर्मन फौजांविरुद्ध उठाव केला आणि तो ६३ दिवस लढवला. बर्लिन ऑलिंपिक १ ऑगस्ट १९३६ ला सुरू झाले, तेही मोहात पाडते. पण आपल्या वाचकाला त्यातले जे हवे असते, ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ ने हरवले तो अंतिम सामना, तो १५ ऑगस्टचा आहे. तिकडे राखून ठेवा. संतांच्या पुण्यतिथ्या तिथीने चालतात, त्यांना इंग्रजी तारखेच्या वहीत कायमची जागा देऊ नका. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेलाच लिहायची.

शेवटचा प्रश्न चूक निघण्याचा. प्रत्येक नोंदीसाठी वहीत एक ओळ ठेवा: कुठून घेतली, कधी तपासली, कोणत्या शंका आहेत. ही ओळ फलकावर जात नाही, पण कुणी हरकत घेतली तर पाच मिनिटांत उत्तर देता येते. हरकत खरी ठरली तर दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरात लिहा आणि हरकत घेणाऱ्याला वही दाखवा. असे लोक पुढे आपणहून जुनी कात्रणे, घरातली पत्रे, पंचांगे घेऊन येतात. वहीत पुढच्या वर्षाच्या १ ऑगस्टसाठी एक पान आजच कोरे सोडून ठेवा.